वाईट बातमी वरपर्यंत किती दिवसांत पोचते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्योगविषयक पानांवर कंपन्यांच्या कार्यसंस्कृतीबद्दल छापून येतं तेव्हा बहुतेक वेळा चकचकीत कार्यालयं, वाढदिवसाचे केक, शुक्रवारचे खेळ आणि भिंतीवर लावलेली मूल्यं यांचीच चर्चा असते. यात वाईट काही नाही, पण त्यावरून कंपनीबद्दल फारसं कळत नाही. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या जाहीर मूल्यांत आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता हे चार शब्द होते. डिसेंबर २००१ मध्ये ती कंपनी हिशेबांतल्या लबाडीपायी दिवाळखोरीत गेली. संस्कृती ओळखायला माझ्या मते एक प्रश्न पुरतो: खाली कुणाला तरी कळलेली वाईट बातमी निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत किती दिवसांत पोचते, आणि पोचेपर्यंत तिचं काय झालेलं असतं?

हे मोजता येतं, त्यासाठी सल्लागार बोलवायची गरज नाही. गेल्या वर्षातल्या पाच मोठ्या अडचणी घ्या: परत आलेला माल, हुकलेली डिलिव्हरी, सोडून गेलेला ग्राहक, बंद पडलेली यंत्रणा, अपघात. प्रत्येकीपुढे दोन तारखा लिहा. काहीतरी बिघडतंय हे प्रत्यक्ष कामावरच्या पहिल्या माणसाला कळलं ती एक. पैसे किंवा माणसं हलवण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीला कळलं ती दुसरी. पहिली तारीख ई-मेल, चॅट आणि शिफ्टच्या नोंदवहीत सापडते. मीटिंगच्या मिनिट्समध्ये ती शोधू नये, तिथे येईपर्यंत बातमी धुऊन-पुसून घेतलेली असते. मग बातमी कुठल्या टेबलावर अडली ते लिहा. पाचपैकी चार वेळा तेच टेबल निघालं तर प्रश्न एका साहेबांचा आहे आणि तो लवकर सुटू शकतो. दर वेळी वेगळं टेबल निघालं तर मात्र सगळ्या कंपनीलाच गप्प बसायची सवय लागलेली आहे.

दिवसांइतकंच बातमीच्या रूपाकडेही लक्ष द्यावं. प्रोजेक्टच्या अहवालात कामांना लाल, पिवळा, हिरवा रंग देतात. काम करणाऱ्याच्या मनातला लाल रंग टीम लीडरकडे पिवळा होतो आणि संचालकांच्या पडद्यावर हिरवा दिसतो. आयटीवाले अशा अहवालाला कलिंगड म्हणतात: बाहेरून हिरवा, आतून लाल. प्रत्येक पायरीवरचा माणूस खोटं बोलतो असं नाही. तो एखादा शब्द मऊ करतो, एवढंच. ‘होणार नाही’चं ‘अवघड आहे’ होतं, ‘अवघड आहे’चं ‘लक्ष ठेवून आहोत’ होतं. चार पायऱ्या असल्या की वर पोचतं ते वाक्य मूळ वाक्याच्या नेमकं उलटं असतं.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण उद्योगातलं नाही, अवकाशातलं आहे. १६ जानेवारी २००३ रोजी नासाचं कोलंबिया यान उडालं आणि सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला. त्या भागाची छायाचित्रं मिळवावीत अशी विनंती अभियंत्यांकडून तीन वेळा झाली, ती मान्य झाली नाही. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं, सात अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने अहवालात स्पष्ट लिहिलं की या अपघातात फोमइतकाच वाटा नासाच्या संघटनात्मक संस्कृतीचा होता. अहवालातल्या दोन गोष्टी कुठल्याही कंपनीने वाचाव्यात अशा आहेत. एक, यान असुरक्षित आहे हे सिद्ध करायची जबाबदारी अभियंत्यांवर पडली होती. सुरक्षित आहे हे सिद्ध करा असं कुणी कुणाला म्हणत नव्हतं. दुसरी, धोक्याचा महत्त्वाचा मुद्दा सादरीकरणाच्या एका स्लाइडवर खालच्या ओळींत, बारीक अक्षरांत दडला होता. म्हणजे बातमी वर गेली होती, पण वाचता येईल अशा रूपात गेली नव्हती.

लोक गप्प का बसतात याचं ठरलेलं उत्तर ‘भीती’ असं दिलं जातं. ते अर्धं खरं आहे. शिक्षा होईल म्हणून गप्प बसणारे असतातच, पण त्याहून जास्त लोक दोन साध्या हिशेबांनी गप्प बसतात. पहिला हिशेब: जो बोलेल त्याच्याच अंगावर काम पडेल. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला हवी असं जो म्हणतो त्यालाच घंटा घेऊन धाडलं जातं, आणि आधीची कामं मात्र त्याच्याकडे तशीच राहतात. दुसरा हिशेब: मागच्या वेळी सांगितलं होतं, काहीच झालं नाही. या दोन्हींवर ‘निर्भयपणे बोला’ असं पोस्टर लावून उपयोग नाही. पहिल्यावर उपाय असा की अडचण नोंदवणारा आणि ती सोडवणारा ही दोन वेगळी नावं असावीत, आणि सोडवणाऱ्याकडचं दुसरं एखादं काम त्याच मीटिंगमध्ये काढून घ्यावं. दुसऱ्यावर उपाय म्हणजे उत्तराची मुदत. नोंदवलेल्या प्रत्येक गोष्टीला दहा कामाच्या दिवसांत उत्तर जावं. ‘हे आत्ता करणार नाही, कारण असं-असं’ हेही चालेल. नकार पचतो, शांतता पचत नाही. सूचनापेट्या धूळ खात पडतात त्या याच कारणाने.

टोयोटाच्या असेंब्ली लाइनवरची दोरी, म्हणजे अँडन, सगळ्यांना ऐकून माहीत असते, पण ती कशी चालते हे सहसा चुकीचं सांगितलं जातं. कामगाराने दोरी ओढली की लाइन त्याच क्षणी थांबत नाही. दिवा लागतो, ठरलेली धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. गाडी त्या स्टेशनच्या ठरलेल्या रेषेपर्यंत सरकेस्तोवर प्रश्न सुटला तर दोरी पुन्हा ओढून लाइन चालू ठेवली जाते. सुटला नाही तरच लाइन थांबते. या व्यवस्थेत दोरी गौण आहे. खरं महत्त्व हाक मारल्यावर काही सेकंदांत येणाऱ्या टीम लीडरला आहे, आणि त्याच्याकडे माणसं मोजकीच असतात म्हणून तो येऊ शकतो. वीस-पंचवीस माणसांमागे एक सुपरवायझर ठेवायचा, त्याला कागदपत्रांत बुडवायचं आणि मग दोरी टांगायची, असं केलं तर पहिल्या आठवड्यात लोक दोरी ओढतात, दुसऱ्या आठवड्यात वाट बघतात आणि तिसऱ्यात दोष पुढे सोडून देतात.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, तेव्हा तिथे गैरहजेरी २० टक्क्यांपर्यंत जायची. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तोच कारखाना ‘नूमी’ (NUMMI) या नावाने सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच, संघटनाही तीच. गैरहजेरी २ टक्क्यांच्या आसपास आली. ‘आमची माणसंच तशी आहेत’ असं म्हणणाऱ्या व्यवस्थापकांनी हे उदाहरण जवळ ठेवावं. त्याचबरोबर हेही ठेवावं की जनरल मोटर्सला ही पद्धत आपल्या इतर कारखान्यांत नेणं वर्षानुवर्षं जड गेलं. दोऱ्या आणि दिवे विकत आणता येतात, पण लाइन थांबली म्हणून प्लँट मॅनेजरला वरून ओरडा खावा लागत असेल तर त्या दोऱ्यांना कुणी हात लावत नाही.

संस्कृती मुद्दाम घडवता येते का, असं विचारलं जातं. १९८७ मध्ये पॉल ओनील अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले आणि त्यांनी कामगारांची सुरक्षितता पहिल्या क्रमांकावर ठेवली. नियम असा: कुणालाही दुखापत झाली की त्या विभागाच्या प्रमुखाने २४ तासांत ओनील यांना कळवायचं, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार हेही सांगायचं. एवढ्या वेळात कळवायचं तर विभागप्रमुखाला प्लँट मॅनेजरकडून, त्याला सुपरवायझरकडून लगेच कळायला हवं. म्हणजे दुखापतीच्या निमित्ताने वाईट बातमीसाठी खालपासून वरपर्यंत पक्का रस्ता झाला, आणि मग त्याच रस्त्याने दर्जाच्या आणि खर्चाच्या गोष्टीही येऊ लागल्या. दुखापतीमुळे कामाचे दिवस बुडण्याचं प्रमाण दर १०० कामगारांमागे १.८६ होतं, ते २००० पर्यंत ०.२ वर आलं. मेक्सिकोतल्या कारखान्यात विषारी वायूमुळे कामगार आजारी पडल्याचं वर न कळवणाऱ्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला नोकरी गमवावी लागली. त्याच्या विभागाचे आकडे चांगले असूनही ही कारवाई झाली, म्हणून तिचा अर्थ सगळ्यांना कळला.

उलट बाजूला अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादनं विकायची हे धोरण होतं, शाखांना रोजचे टार्गेट होते आणि दिवसातून अनेकदा आकडे विचारले जात. आकडे भरायला कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती आणि कार्डं काढली. सप्टेंबर २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड जाहीर झाला तेव्हा अशा संशयित खात्यांचा अंदाज सुमारे २० लाख होता, पुढच्या वर्षी तो ३५ लाखांवर गेला. दंडाच्या आधीच्या वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढलं होतं. माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा हाच आहे. इतके लोक एकच चूक करून नोकरी गमावत असतील तर दोष त्या लोकांच्या चारित्र्यात शोधणं ही निव्वळ पळवाट आहे. तक्रार करण्यासाठी हॉटलाइन होती. तिथे बोलल्यावर आपल्यालाच काढलं गेलं, असं काही कर्मचाऱ्यांनी पुढे सांगितलं. २०२० मध्ये बँकेने सरकारशी ३०० कोटी डॉलरवर तडजोड केली, आणि मालमत्ता वाढवण्यावर मध्यवर्ती बँकेने २०१८ मध्ये घातलेली बंदी २०२५ पर्यंत राहिली.

म्हणून पगार-इन्सेन्टिव्हची रचना हा संस्कृतीचाच भाग समजावा, एचआरच्या एक्सेल शीटचा नव्हे. एका आकड्यावर पैसे दिले की लोक तो आकडा आणून देतात, कुठूनही. प्रत्येक आकड्याला एक विरुद्ध आकडा जोडावा: विक्रीला ९० दिवसांतली रद्द झालेली विक्री आणि तक्रारी, उत्पादनाला रिवर्क (पुन्हा करावं लागलेलं काम) आणि परत आलेला माल, कॉल सेंटरमध्ये कॉलच्या वेळेला त्याच ग्राहकाने आठवड्यात पुन्हा केलेला फोन. इन्सेन्टिव्हचा तिसरा हिस्सा तरी परतीची मुदत संपेपर्यंत राखून ठेवावा. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. सचोटी, सहकार्य अशा गोष्टींना अप्रेझलमध्ये दहा टक्के गुण देतात. दहा गेले तरी नव्वद उरतात, आणि हुशार माणसाला तेवढं गणित येतं. या गोष्टींना गुण देऊ नयेत, त्यांची अट असावी: अट पूर्ण नसेल तर बाकी गुण मोजायचेच नाहीत.

बेल कर्व्हचंही तसंच, म्हणजे प्रत्येक टीममध्ये ठरावीक लोकांना वरचा आणि ठरावीक लोकांना खालचा शेरा द्यायचाच या सक्तीचं. दहा जणांच्या टीममध्ये एकाला ‘कमी’ ठरवायचंच असेल तर शेजाऱ्याला मदत करणं हे स्वतःच्या पोटावर पाय देणं ठरतं. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. बऱ्याच कंपन्यांनी नाव बदलून ती चालू ठेवली आहे.

आता रोजच्या व्यवहाराबद्दल. अडचण सांगायला आलेल्या माणसाला साहेबांचं पहिलं वाक्य काय ऐकू येतं, यावर पुढचे सहा महिने तो काय सांगणार हे ठरतं. ‘कोणी केलं?’ आणि ‘मला आधी का नाही सांगितलं?’ ही दोन वाक्यं पहिल्या पाच मिनिटांत वर्ज्य करावीत. दुसरं तर फारच घातक, कारण सांगायला उशीर झालेला माणूस पुढच्या वेळी उशिराही सांगत नाही. त्याऐवजी तीनच प्रश्न: काय झालंय, आत्ता आणखी नुकसान होतंय का, तुला आज काय हवंय? जबाबदारीचा प्रश्न नंतर यावाच, टाळू नये, पण त्यासाठी वेगळी बैठक असते.

ती बैठक घटनेनंतर दोन-तीन दिवसांत घ्यावी. आठवडा गेला की आठवणी सोयीच्या होतात. पाच ते आठ माणसं, एक तास. पहिली वीस मिनिटं फक्त घटनाक्रम: किती वाजता काय दिसलं, त्या क्षणी त्या माणसाला काय माहीत होतं. ‘करायला हवं होतं’ हे शब्द आले की सूत्रधाराने थांबवावं, कारण ते शहाणपण शेवट माहीत असल्याचं असतं. सूत्रधार त्या विभागाबाहेरचा असावा. शेवटी जास्तीत जास्त तीन कामं, प्रत्येकापुढे एक नाव आणि तारीख. ‘काळजी घ्यावी’, ‘पुन्हा ट्रेनिंग द्यावं’, ‘ताकीद द्यावी’ ही कामं म्हणून स्वीकारू नयेत. यंत्र, फॉर्म, क्रम, मंजुरीची पायरी यांपैकी काहीतरी बदललं तरच ते काम. हातून झालेली चूक, वेळ वाचवायला घेतलेला शॉर्टकट आणि मुद्दाम केलेली लपवाछपवी यांत फरक करावा. पहिलीला शिक्षा नाही. दुसऱ्यासाठी तो शॉर्टकट सगळेच घेतात का ते आधी बघावं. घेत असतील तर नियमच पाळण्याजोगा नाही. तिसरीला माफी नाही, आणि ती कुणाही मोठ्या माणसाला नाही.

हे सुरू केल्यावर एक धक्का बसतो, त्याची तयारी ठेवावी. नोंदवलेल्या चुका वाढतात. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. त्या गटांत मोकळेपणाने बोललं जात होतं, इतरत्र चुका दडपल्या जात होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वाढलेला आलेख बघून संचालक घाबरले आणि ‘हे काय चाललंय’ म्हणाले, की पुढच्या महिन्यात आलेख खाली येतो. चुका तेवढ्याच राहतात. म्हणून नोंदवलेल्या चुकांच्या संख्येवर टार्गेट ठेवूच नये, कमी करण्याचं नाही आणि वाढवण्याचंही नाही. पहिल्या वर्षात मोजायचं ते फक्त दोन तारखांमधलं अंतर.

सर्व्हेबद्दल थोडक्यात. वर्षातून एकदा साठ प्रश्न विचारण्यापेक्षा दर तिमाहीला पाच विचारावेत. सात-आठपेक्षा लहान गटाचे निकाल वेगळे दाखवू नयेत, कोण काय बोललं ते लगेच ओळखू येतं. मॅनेजरचा बोनस सर्व्हेच्या गुणांना जोडू नये, नाहीतर ‘जरा चांगले गुण द्या हं’ अशी विनंती आलीच. ‘तुम्हाला इथे बोलायला सुरक्षित वाटतं का?’ याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात चुकीची वाटलेली एखादी गोष्ट तुम्ही वरिष्ठांना सांगितली का, आणि पुढे काय झालं?’ असं विचारावं. नोकरी सोडणाऱ्याची मुलाखत शेवटच्या दिवशी घेणं वाया जातं: रिलीव्हिंग लेटर आणि हिशेब बाकी असताना कोण खरं बोलेल? तीन महिन्यांनी फोन करावा. नव्या माणसाला पहिल्या महिन्याच्या आतच ‘तुला इथे काय विचित्र वाटलं?’ असं विचारावं, त्यानंतर त्यालाही ते विचित्र वाटेनासं होतं.

हॉटलाइन ठेवायची तर ती संबंधित साहेबांच्या साखळीबाहेर, शक्यतो संचालक मंडळाच्या ऑडिट समितीकडे जावी. तक्रार करणाऱ्याची पुढच्या वर्षभरातली बदली, अप्रेझल आणि पगारवाढ त्या समितीने स्वतः तपासावी. सूड क्वचितच लगेच घेतला जातो, तो पुढच्या एप्रिलमध्ये पगारवाढीच्या पत्रात दिसतो.

लहान कंपन्यांचे मालक म्हणतात, हे सगळं मोठ्यांचं काम. तीस-चाळीस माणसांपर्यंत ते बरोबरही आहे, तिथे मालकाचा स्वभाव हीच संस्कृती असते. पण त्यापुढे मालक प्रत्येक खोलीत नसतो, आणि तो नसताना कुणी काय ठरवायचं हे लिहिलेलं नसेल तर लोक ‘साहेबांना काय आवडेल’ याच्या अंदाजावर चालतात. तेव्हा एक पान पुरतं: किती रकमेपर्यंत कोण मंजुरी देईल, माल थांबवायचा अधिकार कुणाला, ग्राहकाला नाही म्हणायचा अधिकार कुणाला. ‘आपण सगळे एक कुटुंब’ ही भाषा मात्र टाळावी. कुटुंबात ओव्हरटाइमचे पैसे मागता येत नाहीत आणि काकांची चूक दाखवता येत नाही.

आणि जे संस्कृतीने होत नाही तेही मान्य करावं. कमी पगार, खराब उत्पादन किंवा चुकीची किंमत यांवर ती औषध नाही. फक्त या तिन्हींची खबर वेळेत लागते.

एक सूचना आपल्या पानांसाठी. कंपनीप्रमुखांच्या मुलाखतीत संस्कृतीबद्दल विचारताना ‘तुमची मूल्यं कोणती?’ ऐवजी दोन प्रश्न विचारता येतील. हाताखालच्या माणसाने दिलेली कुठली वाईट बातमी ऐकून तुम्ही अलीकडे निर्णय फिरवला? आणि तो माणूस आज कुठल्या पदावर आहे?

कळावे.
आपला,
एक वाचक